गोजाबाईचं नाणं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे आमच्याच घरात घडलंय. १९७४ ची सर्वपित्री अमावास्या. चिंचवडमधलं आमचं कंपनीचं क्वार्टर. मी तेव्हा मॅट्रिकला होते.

माझे बाबा, श्रीपादराव, इंजिनिअर. जुन्या नाण्यांचं भारी वेड.

त्या दुपारी पुनावळ्याहून बाबांच्या ओळखीचे शेतकरी, लक्ष्मणराव, आले. सोबत त्यांची दुसरी बायको, शालनबाई. पहिली, गोजाबाई, वारलेली. मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून, रीतीप्रमाणे तिचा टाक शालनबाईंच्या गळ्यात होता.

पण तो चांदीचा पत्रा नव्हता. नांगराला लागलेलं सोन्याचं नाणं होतं, भोक पाडून ओवलेलं.

"सोनार बदलून टाकंल. तुमच्यावर इस्वास हाय, सायेब," लक्ष्मणराव म्हणाले. "कुठलं हाय तेवढं सांगा."

"गळ्यात असतानाच बघा," शालनबाई पुटपुटल्या. "आज तिचा दिस हाय. सोडू नगा."

पण वजन केल्याशिवाय नाणं ओळखणार कसं? लक्ष्मणरावांनी सरळ दोरा तोडला.

बाबांनी भिंग लावलं. एका बाजूला उभी देवी. दुसऱ्या बाजूला बाईचा चेहरा, मानेवर अंबाडा, कडेनं रोमन अक्षरं.

"रोमची राणी आहे ही. अठराशे वर्षं तरी जुनी."

"थोरलीचा अंबाडा असाच व्हता," शालनबाई म्हणाल्या.

पुस्तकात ताडून बघतो म्हणून बाबांनी नाणं सकाळपर्यंत ठेवून घेतलं. लाखेवर त्याचा ठसा घेतला, आणि नाणं आतल्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केलं.

दिवेलागणीला आई शेजारी गेली होती. बाबा आणि मी बाहेरच्या खोलीत.

आतून बांगड्या वाजल्या...

"आई आली वाटतं," मी म्हणाले.

आई आली नव्हती.

बाबांनी कपाट उघडलं. नाणं जागेवर होतं. वजन तेच. भोक तेच. देवीही तीच.

चेहरा नव्हता...

ती बाजू ताटासारखी गुळगुळीत होती.

सकाळी लक्ष्मणरावांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "शेवटी तुमीबी बदललंच की," एवढंच म्हणाले. बाबांनी ठसा दाखवला, वजन करून दाखवलं. काही उपयोग झाला नाही.

शालनबाईंनी नाणं अंगठ्यानं चाचपलं.

"नाणं तेच हाय. ती यात न्हाई."

मग आमच्या आतल्या दाराकडे बघून त्यांनी हात जोडले. नाणं परत गळ्यात बांधलं नाही. जाताना त्यांचा चेहरा मोकळा दिसला. मला ते अजिबात आवडलं नाही.

कंपनीत, गावात, सगळीकडे बोभाटा झाला. एकदा आईनंही विचारलं, "खरं सांगा, कुठे ठेवलंय?" त्यानंतर बाबा तिच्याशी कधी धड बोलले नाहीत.

बाबा गेल्यावर मी ट्रंका उपसल्या, गाद्या उसवल्या. ते चेहऱ्याचं नाणं सापडावं म्हणून नवससुद्धा बोलले. बाबा चोर निघाले असते तरी मला चाललं असतं.

ते क्वार्टर कधीच सुटलं. आता या घरात मी एकटी असते. माझ्या हातात बांगड्या नाहीत, फक्त घड्याळ आहे.

आणि दिवे लावले की आतल्या खोलीत...

मी रेडिओ मोठा करते.