माणूस नसलेलं कुरण

शिंपीण मशीनवर बसली की ओठातल्या ओठात कविता म्हणायची. सगळ्या एकाच कवीच्या. त्या कवीनं जन्मभर माणसांवर एक ओळ लिहिली नाही. लिहिलं ते उतारावरच्या गवतावर, दगडी बांधांवर, ढगांच्या सावल्यांवर. त्याची कुरणावरची कविता तिला शाळेपासून तोंडपाठ होती. कविता पाठ करायचे दिवस होते ते, आणि त्या जन्मभर पुरायच्या.

लेथवर काम करणारा तिचा नवरा हात उगारायचा, तेव्हा ती तीच कविता मनात सुरू करायची. दुसऱ्या कडव्याला पोचेपर्यंत गवत गुडघ्यांना लागायचं, वारा कानात भरायचा. पट्टा कुणा दुसरीच्याच पाठीवर उतरतोय, असं वाटायचं.

"रड ना! दगड आहेस का?" तो धापा टाकत विचारायचा.

वरच्या मजल्यावरची नर्स मलम लावायला यायची. एकदा तिनं विचारलं,

"भिंतीवर आपटलीस म्हणे. भिंतीला बोटं कधीपासून फुटली गं?"

शिंपीण हसली. ओठ फाटलेला, म्हणून अर्धंच. मग तिनं नर्सला कुरणाचं सांगितलं.

"मन करतं असं," नर्स म्हणाली. "सोसवेनासं झालं की पळून जातं बिचारं."

बोलता बोलता तिनं शिंपिणीच्या केसांतून काहीतरी ओढून काढलं. गवताची काडी. हिरवी, ओली.

पुढच्या खेपेस कुरणात पायवाटा दिसल्या. कवितेत त्या नव्हत्या. गवत तुडवत चारी बाजूंनी आलेल्या. त्यानंतरच्या खेपेस बायका दिसल्या, लांब लांब उभ्या. एकीचा डोळा सुजलेला, एकीचा हात गळ्यात बांधलेला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ओठ मात्र सगळ्यांचेच हलत होते, एकाच कवितेवर.

रविवारी दुपारी नवऱ्यानं तिचा गळा धरला.

"काय पुटपुटतेस? मलाही कळू दे."

"काही नाही."

"मोठ्यानं म्हण!"

"नको हो. तुम्हाला नाही आवडायचं."

त्यानं तिचं डोकं मशीनच्या चाकावर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं.

"म्हण!"

तिनं म्हटली. पहिलं कडवं. दुसरं.

त्याची पकड सुटली. तो गुडघाभर गवतात उभा होता.

"हे... कुठं आलो आपण?"

बायकांनी माना वळवल्या. एकेकीनं बांधावरचा दगड उचलला.

तो पळाला. पण प्रत्येक वाट कुणा ना कुणा बाईकडेच जात होती.

पहिला दगड तोंडावर बसला. दात तुटल्याचा आवाज शिंपिणीनं ऐकला.

मग तीही वाकली.

शेजाऱ्यांनी दार फोडलं, तेव्हा ती मशीनखाली बेशुद्ध होती. तो शेजारीच पडला होता. बरगड्या चुरलेल्या, चेहरा ओळखू न येणारा. "हे एका बाईच्या हातून होणं शक्य नाही," डॉक्टरांनी लिहून दिलं. पोलिसांनी तिला सोडलं.

घर शांत झालं. पाठीवरचे वळ गेले. कविता म्हणायची गरज उरली नाही, तशी ती म्हणतही नव्हती.

तरी एका सकाळी काज करता करता वारा कानात भरला. तेच कुरण, त्याच बायका. मधोमध एक अनोळखी माणूस, हात जोडून, गुडघ्यांवर.

ती परतली तेव्हा हातातलं काज अर्धंच होतं. तिनं मोरीत नखं स्वच्छ धुतली, हात कोरडे केले आणि पुन्हा सुई उचलली. तो माणूस कोण होता, त्यानं काय केलं होतं, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.