मामाची बुटकी गाडी गेली कुठे?

"पहिली फेरी माझी!" असं तिघांनी एकाच वेळी म्हटल्यामुळे काहीच ठरेना.

बेत तसा साधा होता. मामाने दवाखान्याला सुट्टी दिली होती आणि सगळ्यांनी तळ्यावर पोहायला जायचं होतं. पण मामाच्या नव्या गाडीत जागा दोनच, आणि त्यातली एक मामालाच लागायची. तेव्हा मुलांना एकेक करून तळ्यावर नेऊन सोडतो, असं मामाने मोठ्या उदार मनाने जाहीर केलं होतं. शेवटचा गडी पाण्यात उतरेल तेव्हा पहिला भुकेने कळवळून घरी निघालेला असेल, असं टिकलीने सांगून पाहिलं. मामी म्हणाली, आपला नंबर बहुधा पुढच्या सुट्टीत लागेल.

टिकली बारा वर्षांची होती. लहानपणी पडल्याची गोल खूण नेमकी कपाळाच्या मध्ये उमटली होती, म्हणून ती टिकली. तिचा धाकटा भाऊ यंदाच शाळेत जायला लागला होता आणि ताई जाईल तिथे मागे मागे असायचा, म्हणून तो शेपूट. मामाचा मुलगा टिकलीच्याच वयाचा, पण त्याच्या विजारी दर दोन महिन्यांनी आखूड व्हायच्या. त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे.

आणि गाडी! मामा दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून कंटाळलेल्या त्या माणसाने एक दिवस कुणालाही न विचारता ही पिवळीधमक गाडी घरी आणली. टप मागे दुमडता यायचा. नाक लांब, अंग चपटं, चाकं रुंद. वळणावर ती रस्त्याला अशी चिकटायची की पोटातलं पाणी हलू नये. मामा तिचं कौतुक सांगायला लागला की दातदुखीचे पेशंटही कळ विसरून घड्याळाकडे बघायचे.

मामीला मात्र तिच्यातलं दुसरंच दिसायचं. डिकीत एक टॉवेल आणि एक डबा ठेवला की वाटीलासुद्धा जागा नाही. प्रत्येक गतिरोधकावर पोट घासतं, म्हणून बाजार हाकेच्या अंतरावर असून वळसा घालून जायचं. इंजिन सुरू केलं की तिसऱ्या मजल्यावरची भांडी खणखणतात. आणि बसणं जमिनीवर बसल्यासारखं! "आत जाताना माणूस पडतो," मामी म्हणायची, "आणि बाहेर येताना त्याला कुणीतरी उपसून काढावं लागतं."

त्या सकाळी मामा पेट्रोल भरून आला, टप मागेच ठेवून इमारतीसमोर गाडी लावली आणि चहा प्यायला वर आला. मुलं पिशव्या घेऊन त्याच्याबरोबर खाली उतरली, तर गाडीच्या जागी तेलाचा एक ठिपका होता आणि त्या ठिपक्याकडे टक लावून बसलेलं मांजर.

मामाने खिशातून किल्ली काढली, ती उलटसुलट करून पाहिली आणि हताशपणे म्हणाला, "किल्ली तर माझ्याकडे आहे."

थोड्याच वेळात अर्धी वसाहत खाली जमली. इन्स्पेक्टर आले. वसाहतीचे अध्यक्ष तर दाढीला लावलेला फेस तसाच ठेवून आले. किल्लीशिवाय गाडी गेली, म्हणजे चोरांनी ती उचलून ट्रकवर घातली असणार, हे इन्स्पेक्टरांनी लगेच ताडलं. बाहेर जायला गेट एकच. गेटावर लाल-पांढरा आडवा दांडा, आणि तो वर-खाली करायचं काम गेटमावशींचं.

गेटमावशी सकाळपासून आपल्या चौकीत बसल्या होत्या. डॉक्टरसाहेबांची गाडी आत आली तेव्हा दांडा उचलला, खाली केला आणि त्यानंतर त्याला हातही लावला नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"मग गाडी काय हवेत विरघळली?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. दांडा उचलला नाही, हे मात्र खरं."

"म्हणजे एक तर तुम्ही झोपला होतात, नाही तर चोरांना सामील आहात!"

गेटमावशींचा चेहरा उतरला. त्या मामाकडे बघायला लागल्या. तो काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं असावं. पण मामा चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला. संध्याकाळपर्यंत दुसरा माणूस बघू, असं सांगून अध्यक्ष दाढी पुरी करायला गेले.

टिकलीला मामाचा राग आला. फूटपट्टीची सायकल बिघडली की चौकीत ठेवून घेणाऱ्या, शेपटाचा हरवलेला बूट शोधायला टॉर्च घेऊन झुडपात शिरणाऱ्या गेटमावशी चोरांना सामील? तिने दोघांना जिन्याखाली ओढलं.

"ट्रक आला असता तर मावशींना दिसला असता. त्या खोटं बोलत नाहीत असं धरून चालू. मग काय उरतं?"

"गाडी वसाहतीतच आहे," फूटपट्टी म्हणाला.

पण ती वसाहतीत नव्हती. तिघांनी सगळ्या इमारतींच्या मागे फिरून पाहिलं. पिवळीधमक गाडी लपवायची म्हणजे काही पोरखेळ नव्हे.

"बरं, इंजिनाचा आवाज कुणी ऐकला?" टिकलीने विचारलं.

कुणीच नाही. एरवी ती सुरू झाली की पाळण्यातली बाळं रडायला लागायची. आज सगळी बाळं गाढ झोपली होती.

टिकली उठून मांजराशेजारी उभी राहिली. मामाची इमारत उताराच्या माथ्यावर होती. तिथून रस्ता नाकासमोर थेट गेटापर्यंत उतरत होता आणि गेटाबाहेरही तसाच खाली जात होता. मधे एकही गतिरोधक नाही, म्हणून तर मामाचा तो लाडका रस्ता.

"तिला कुणी नेलंच नाही," टिकली हळूच म्हणाली. "ती आपण होऊन गेली."

"दांडा खाली असताना?"

उत्तर द्यायला टिकलीने शेपटाला पुढे केलं. कालच तो गाडीशेजारी उभा होता, टप मागे होता, आणि काचेच्या वर त्याचे फक्त केस दिसत होते. म्हणजे शेपूट उभा केला की गाडीची उंची तयार! तिघं गेटाकडे धावले. सामानाच्या ट्रकने गेल्या महिन्यात धडक दिल्यापासून दांडा टोकाकडे जरा वर वाकला होता. शेपूट ऐटीत त्याच्याखालून चालत गेला. दांडा त्याच्या केसांना जेमतेम चाटून गेला.

"ताई, इथे खालच्या बाजूने खरवडलंय," शेपूट वर बघत म्हणाला.

टिकली आणि फूटपट्टी वाकली. दांड्याच्या पोटावरचा रंग लांबच लांब निघाला होता. सकाळपासून दहा जणांनी दांडा वरून पाहिला होता, खाली वाकून मात्र कुणीच नाही.

आता एकच प्रश्न उरला. गाडी मावशींच्या नाकासमोरून गेली, तर त्यांना दिसली कशी नाही? टिकली चौकीत जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसली. खुर्ची बुटकी, खिडकी उंच. समोरून फूटपट्टी गेला तो दिसला. शेपूट दोनदा जाऊन आला, तो दिसलाच नाही.

गेटमावशी हे सगळं बघत होत्या. "अगं, म्हणजे ती माझ्या खिडकीखालून..." एवढंच म्हणून त्यांनी डोक्याला हात लावला.

तिघं इन्स्पेक्टरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दांडाही वाकून पाहिला. पण मामा अडून बसला. हँडब्रेक आपण ओढला होता, असा कड्डकन आवाजसुद्धा आला होता, आपण काही दुधखुळे नाही, वगैरे वगैरे.

टिकलीने वाद घातला नाही. मामाला ती चांगलं ओळखून होती.

"मामा, तू गाडीतून काय रुबाबात उतरतोस! साहेबांना एकदा दाखव ना."

मामाची कळी खुलली. फूटपट्टीने चौकीतलं बसकं स्टूल आणलं, मामी घरातून ताट आणि छत्री घेऊन आली. शेपटाने पुढे ताट धरलं, ते स्टिअरिंग. फूटपट्टी शेजारी उकिडवा बसला आणि मामीची बटणाची छत्री मूठ वर करून तिरपी धरली, तो हँडब्रेक. मामा स्टुलावर टेकला. त्याने छत्री ओढली, तोंडाने "कड्ड" असा आवाज काढला आणि सगळ्यांकडे विजयाने पाहिलं.

"आता उतर," टिकली म्हणाली.

मामाने एक पाय बाहेर काढला. पोट ताटाला अडलं. तो कुशीवर झाला, कण्हला, पुन्हा सरळ झाला. मग नेहमीच्या सवयीने हात टेकायला आधार शोधला, छत्रीची मूठ घट्ट पकडली आणि तिच्यावर सगळा भार टाकून उठला. मूठ पार खाली गेली, छत्रीचं दुसरं टोक वर उठलं, मुठीचं बटण दाबलं गेलं आणि छत्री फट्कन इन्स्पेक्टरांच्या तोंडासमोर उघडली.

छत्रीमागून इन्स्पेक्टरांचा आवाज आला, "डॉक्टर, हँडब्रेकलाही असंच बटण असतं ना?"

मामा उभा होता तिथेच पुन्हा खाली बसला. गिअर तो कधी टाकून ठेवतच नसे, दांडी गुडघ्याला लागते म्हणून. ब्रेक अर्धवट कुठेतरी अडकून राहिला असेल आणि मामा वर पोचल्यावर सुटला असेल, असं इन्स्पेक्टरांनी समजावलं. मामीने छत्री मिटली, पण ती पदराआड हसत होती हे सगळ्यांना दिसलं.

आता गाडी शोधणं सोपं होतं. गेटाबाहेरचा रस्ता खाली जाऊन वळायचा, पण ड्रायव्हर नसलेली गाडी वळणार कशी? वळणावर नाकासमोर होतं गाद्यांच्या कारखान्याचं अंगण, आणि त्याचं फाटक कायम उघडं.

अंगणात गाद्यांचे ढीग होते. मधल्या ढिगावर ताडपत्री, ताडपत्रीवर आणखी चार गाद्या, आणि त्यांच्यावर गादीवाले काका घोरत पडले होते. माल स्वतः झोपून तपासल्याशिवाय ते विकत नसत. बऱ्याच हाका मारल्यावर त्यांनी एक डोळा उघडला.

"गाडी? इथे? सकाळपासून मी इथून हललो नाही. मला कळलं नसतं?"

त्यांच्या कामगाराने मात्र सांगितलं की सकाळी ते दोघं आले तेव्हा मधली थप्पी कोसळलेली होती. ती नेहमीच कोसळते, कारण काका दोरीचा खर्च करत नाहीत. उचलून ठेवायचा कंटाळा, म्हणून काकांनी वरून ताडपत्री टाकायला सांगितली आणि वर चढले.

टिकलीने शेपटाला काहीतरी सांगायला मागे पाहिलं, तर शेपूट गायब. दोन गाद्यांच्या फटीतून त्याच्या चपला तेवढ्या बाहेर दिसत होत्या. बघता बघता त्याही आत गेल्या.

आणि मग ढिगाच्या पोटातून जोरात हॉर्न वाजला. गादीवाले काका एवढ्या चपळाईने उठलेले त्या अंगणाने कधी पाहिले नव्हते. ते थेट शेजारच्या ढिगावर जाऊन पडले.

"ताई," आतून दबलेला आवाज आला, "इथे दोन्ही जागा रिकाम्या आहेत!"

गाद्या उपसल्या. गाडी मऊमऊ ढिगात नाक खुपसून बसली होती. काचेच्या चौकटीवर दांड्याचा लाल रंग, बाकी ओरखडासुद्धा नाही.

गेटाशी परत आल्यावर इन्स्पेक्टरांनी तिघांशी हात मिळवला. आपण ट्रक शोधत राहिलो असतो, या मुलांनी आधी माणसावर विश्वास ठेवला म्हणून गाडी सापडली, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. अध्यक्षांनी शेपटाच्या गालाला हात लावला आणि हवापाण्याबद्दल काहीतरी पुटपुटले. पण मुलांचं लक्ष मामाकडे होतं.

मामा गेटमावशींसमोर जाऊन उभा राहिला. दुसऱ्याला तोंड उघडायला लावणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं तोंड उघडणं जड जात होतं.

"चूक माझी होती," तो शेवटी म्हणाला. "आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. ती त्याहून मोठी चूक."

गेटमावशींनी थोडा वेळ त्याला तसंच उभं ठेवलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं दांडा उचलतेय, साहेब. आत बसून कसं वाटतं ते कुणी दाखवलं नाही."

मामाने दार उघडलं. बसताना मावशी धपकन पडल्याच, पण पडल्या आणि खळखळून हसल्या. मामाने इंजिन सुरू केलं. तिसऱ्या मजल्यावरची भांडी खणखणली, कुठेतरी एक बाळ रडायला लागलं.

टिकलीने दोन्ही हातांनी दोर ओढला. दांडा हलत हलत वर गेला, आणि पिवळी गाडी गेटमावशींना घेऊन उन्हात बाहेर पडली. वळणापर्यंत त्यांचा हात वर दिसत होता.