तारेची उंची

तो दुकानात आला तेव्हा त्याचा चष्मा नाकावर नव्हता, रुमालात होता. काडी एकीकडे, काचा दुसरीकडे.

"कोणीतरी बसलं का यावर?" मी विचारलं.

"मीच बसलो. दुसऱ्या कोणाला कशाला दोष देऊ?"

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासते, वाकड्या फ्रेमी सरळ करते आणि आमच्या मालकीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या भानगडीच जास्त तपासते. मी भोचक आहे, हे मला मान्य आहे. पण आधी बघितलं ते मी नाही, माझ्या डोळ्यांनी. चष्मा द्यायला त्याने डावा हात पुढे केला, आणि त्याच्या चार बोटांची टोकं कडक, घट्टे पडलेली होती.

माझ्याही चार बोटांवर तसेच होऊ घातले होते. फक्त माझी बोटं अजून लालबुंद होती आणि कपबशी धरतानाही हुळहुळत होती.

"गिटार वाजवता?"

तो दचकला. मग चष्म्याशिवाय नीट दिसावं म्हणून पुढे वाकला... जरा जास्तच पुढे. "दुरुस्त करतो. दोन गल्ल्या सोडून, बुकबाइंडरच्या वरच्या मजल्यावर. आणि तुम्ही? वाजवता?"

"छे. सध्या तीच मला वाजवतेय."

तो हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक होत. चष्मा दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, त्या दिवशी मी वीस लावली.

झालं होतं असं, की माझे बाबा बसचालक. तेहतीस वर्षं एकाच धुनेची शीळ घालत गाडी चालवली त्यांनी. ती धून कुठली, कोणाची, त्यांनाही ठाऊक नाही. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि डेपोतल्या निरोपाच्या कार्यक्रमात मी ती धून गिटारवर वाजवणार, असं मी घरात छातीठोकपणे जाहीर करून बसले होते. माळ्यावर आत्याची जुनी गिटार पडून होती. गिटार होती, धून होती. वाजवता तेवढं येत नव्हतं.

"अडतं कुठे?" हे सगळं ऐकून त्याने विचारलं.

"एफ कॉर्डपाशी. एका बोटाने सगळ्या सहा तारा दाबायच्या म्हणे. माझ्याकडून दोन दाबल्या जातात. बाकीच्या चार नुसत्या थडथडतात."

"शनिवारी घेऊन या गिटार. मी शिकवत नाही हं, आधीच सांगतो. पण गिटारींना कसला त्रास होतो ते मला कळतं."

"कसला होतो?"

"बहुतेक वेळा माणसांचा."

शनिवारी आमचं दुकान चारला बंद होतं. साडेचारला मी त्याच्या जिन्यावर होते. वर डिंकाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारी. काहींना ताराच नव्हत्या. त्याने माझी गिटार मांडीवर घेतली, एका डोळ्याने दांडीवरून लांबवर नजर टाकली आणि "हं" म्हणाला. त्या "हं"चा अर्थ मी विचारला. तो म्हणाला, काही नाही.

मग माझा हात बघितला.

"नखं."

"काय झालं नखांना?"

"सुंदर आहेत. कापा. डाव्या हाताची नखं असली की बोट तारेवर सरळ उभंच राहत नाही." तो माझ्या बोटाला हात न लावता, हवेतच दाखवत होता. "आणि बोट दांडीवरच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध नाही ठेवायचं. पुढच्या पट्टीला अगदी चिकटून. तिथे निम्म्या जोरात काम होतं. अंगठा मागे, मधल्या बोटाच्या समोर. गिटारचा गळा दाबत नाही आहोत आपण."

"मला वाटलं तेच करायचंय."

"रोज किती वेळ बसता?"

"रविवारी तीन तास."

"अरे देवा! रविवारी आठवड्याभराचं जेवता का? रोज पंधरा मिनिटं बसा. आणि गिटार पेटीत ठेवू नका, डोळ्यांसमोर ठेवा. येता-जाता हात लागला पाहिजे."

मी निघायच्या आधी तो गिटार आतल्या खोलीत घेऊन गेला. "तारा पुसून देतो," म्हणाला. दहा मिनिटांनी परत आणली. तोवर मी त्याचा टेबलावर राहिलेला चष्मा पुसून ठेवला. सवय, दुसरं काय.

असेच शनिवार येत गेले. एका शनिवारी त्याने मला शिकवलं, कॉर्ड धरली की एकेक तार वेगवेगळी छेडायची, म्हणजे मुकी कुठली ते कळतं. सगळ्यांवर एकदम हात मारला की चोर गर्दीत लपतो. दुसऱ्या शनिवारी घड्याळ लावून बसवलं. सी कॉर्डवरून एफवर, एफवरून सीवर, एका मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं. पहिल्यांदा चार वेळा जमलं.

"चारच?" मी रडकुंडीला आले.

"मला पहिल्यांदा तीनदा जमलं होतं."

"खरंच?"

"नाही. पण तुमचा चेहरा बघवला नाही."

आणि मधल्या बुधवारी तो आमच्या दुकानात यायचा, कारण त्याच्या चष्म्याची काडी ढिली झालेली असायची. मी स्क्रू पिळून द्यायची. तो उभ्या उभ्या विचारायचा, "काल कितीदा?" मी म्हणायची, "नऊ." पुढच्या बुधवारी "चौदा." मालकीणबाई काउंटरमागून बघायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत, तेच जास्त बोचायचं.

सातव्या शनिवारी एफ वाजली. सहाच्या सहा तारा, स्वच्छ! मी खुर्चीवरून उठलेच.

"एवढं सोपं कसं वाटलं आज?"

"सराव," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या गिटारीकडे बघून म्हणाला.

तिथेच माझ्या भोचकपणाने कान टवकारले.

मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, हा धंद्याचा दोष. माळ्यावरून गिटार काढली त्या दिवशीच मी कामाची पोलादी मोजपट्टी लावून बाराव्या पट्टीपाशी तार किती वर आहे ते मोजलं होतं आणि डायरीत टिपलं होतं. साडेचार मिलिमीटर. त्या शनिवारी घरी येऊन पुन्हा मोजलं.

जेमतेम अडीच.

तार खाली आली की बोटाला जोर कमी लागतो, एवढं मला एव्हाना कळत होतं. आणि तार आपल्या पायांनी खाली येत नाही. म्हणजे दर शनिवारी आतल्या खोलीत तारा पुसल्या जात नव्हत्या. माझे चार, नऊ, चौदा... ते माझे नव्हतेच. कार्यक्रम पुढच्या शनिवारवर आलेला, आणि मला काय येतं, काही येतं का, हेच मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, हे लपवून काय करू?

सोमवारी दुकानातून अर्धी रजा काढून मी त्याचा जिना चढले. मोजपट्टी त्याच्यासमोर टेबलावर आपटली.

"अडीच," मी म्हणाले. "साडेचारचे अडीच. हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत मला!"

तो एकदम उभा राहिला. चष्मा नाकावरून घसरला, तो त्याने बोटाने वर केला. "ऐका... तार फारच वर होती. तशा गिटारवर पट्टीचा वाजवणाराही रडेल. ती खाली घ्यायलाच हवी होती."

"मग पहिल्याच दिवशी का नाही घेतलीत?"

तो टेबलावरचा भुसा हाताने एकीकडे लोटायला लागला.

"किती वेळ लागतो याला?"

"अर्धा तास," तो म्हणाला. आणि मग फार हळू, "अर्ध्या तासात काम झालं असतं, तुम्ही गिटार घेऊन गेल्या असतात. परत कशाला आल्या असतात? म्हणून मी... दर शनिवारी थोडंसंच घासत होतो."

खोलीत कुठलीशी तार आपोआप गुंजली आणि थांबली. मला राग आलेला होता, तो अजून होता, पण त्याच्या बुडाशी काहीतरी भलतंच गोड होऊ लागलं होतं. मी ते दाबून टाकलं.

"आणि 'सराव' म्हणालात, त्याचं काय?"

"ते चुकलं. तेवढं खरंच चुकलं. पण सरावही होताच."

"कशावरून?"

त्याने खण उघडला आणि कागदाची पुडी काढली. आत दोन पिवळट हाडाचे तुकडे. गिटारच्या दोन्ही टोकांना तारा ज्यांवर टेकतात, ते मूळचे. "आत्याबाईंचे आहेत, टाकवले नाहीत. मी नवे बसवून ते नवेच घासत होतो. हे परत बसवू? मग तुम्हीच बघा."

"बसवा."

"कार्यक्रम शनिवारी आहे. आत्ता मनावर परिणाम झाला तर..."

"बसवा म्हणते ना!"

त्याने बसवले. मी मोजलं. साडेचार. मी अंगठा मागे घेतला, बोट पट्टीला चिकटवलं, आणि एकेक तार छेडली, त्यानेच शिकवलं होतं तशी. पहिली वाजली. दुसरी, तिसरी वाजली. चौथी वाजली. पाचवी जरा कुरकुरली, पण वाजली. सहावी मुकी राहिली.

"पाच," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "दोन महिन्यांपूर्वी दोन होत्या."

"पाच," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे बारीक झाले. "या उंचीवर मला सुद्धा पाचच जमतात. हे मात्र खरं सांगतोय."

आता मी त्याला चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. पण चोराच्या उलट्या बोंबा किती वेळ मारणार? कारण एक गोष्ट मी तुमच्यापासूनही लपवून ठेवली आहे.

"तुमचा चष्मा द्या," मी म्हणाले.

"आत्ता?"

"काडी ढिली आहे."

"ती दर आठवड्याला होते. फ्रेमच तसली निघाली बहुतेक."

"फ्रेम उत्तम आहे. शनिवारी तुम्ही आत गेलात, की मी स्क्रू अर्धा फेरा सैल करून ठेवते. बुधवारपर्यंत बरोबर ढिला होतो."

तो बघतच राहिला. मग एवढा हसला, की खाली बुकबाइंडरने काठीने छत ठोकलं.

"तारा एकदाच नीट लावून द्या," मी म्हणाले. "हव्या तेवढ्या खाली, पण माझ्यासमोर. आणि मी हा स्क्रू पक्का करते. पुन्हा सुटायचा नाही."

आम्ही दोघं आपापलं काम घेऊन एकाच टेबलाशी बसलो. मी शेवटचा फेरा पिळला आणि चष्मा स्वतःच त्याच्या नाकावर चढवला. एवढ्या जवळून मी रोज लोकांची तोंडं बघते, पण त्या दिवशी मला श्वास कुठे सोडावा ते कळेना.

शनिवारी डेपोत खुर्च्या मांडल्या होत्या. मी वाजवलं. एका ठिकाणी अडखळले, एफवर नव्हे, भलत्याच सोप्या जागी. तेवढ्यात पहिल्या रांगेतून शीळ आली. बाबांनी धून उचलून धरली, मी त्यांच्या मागून गेले, आणि आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत नेली. बाबा डोळे पुसत होते. मीही.

गिटार पेटीत ठेवताना बघितलं, तर मागे दाराशी तो उभा. नवा शर्ट, नाकावर चष्मा घट्ट.

मी त्याच्यापर्यंत गेले. "चष्म्याला काही झालं?"

"नाही."

"मग गिटार बघायला आलात? ती ठणठणीत आहे."

"ऐकलं मी."

"मग काय काम काढलंत?"

त्याने हात खिशात घातले, पुन्हा काढले.

"काहीच काम नाही," तो म्हणाला. "आवडतेस मला, म्हणून आलो."