गरुडाखालचं अक्षर

बीमरने नाणं बदललं, असं व्हर्ना टोलेफ्सन रविवारी चर्चच्या पायरीवर मोठ्याने म्हणाली, आणि दुपारपर्यंत अख्खं कार्सन सिटी तेच बोलू लागलं. जुन्या सोन्याच्या नाण्यांची चाळीस वर्षं पारख करणारा माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत चोर ठरला. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

सोमवारी बीमरने हेझल प्रूइटला बोलावलं. ती तीस वर्षं विमा कंपनीसाठी लबाड्या शोधत होती, आता स्वतःसाठी शोधायची. गुडघे दुखायचे आणि माणसांचाही कंटाळा आला होता. गाडी चालवायला तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा लाइल असायचा. त्याचं डोकं सावकाश चालायचं, पण गाडी छान चालवायचा.

बीमरचं दुकान जुन्या टाकसाळीच्या समोर होतं. लाइल हेझलच्या शेजारी टोपी हातात धरून गप्प उभा राहिला.

"एकट्याच आलात?" बीमरने हेझलला विचारलं.

लाइलला ते लागलं. "मी काय हवा आहे?" तो पुटपुटला. बीमरने घाईघाईने माफी मागितली.

मग त्याने सगळं सांगितलं. व्हर्नाने वारलेल्या नवऱ्याचं, ऑरिनचं, वीस डॉलरचं नाणं आणलं. ऑरिन आयुष्यभर सांगायचा तेच, १८७१ सालचं, कार्सन सिटीच्या टाकसाळीतलं. असं नाणं फार दुर्मीळ, त्याच्या पैशात घर येतं. त्याच वर्षाचं सॅन फ्रान्सिस्कोचं नाणं मात्र सोन्याच्या भावापेक्षा फार पुढे जात नाही. फरक एवढाच, की नाण्यावरच्या गरुडाच्या शेपटीखाली टाकसाळीचं बारीक अक्षर असतं. बीमरने तोलून पाहिलं, वजन चोख होतं. कड नखाने तपासली. 'कार्सन सिटी' असा दाखला टाइप करून नाणं पाकिटात बंद केलं आणि रेनोला विकायला न्यायला व्हर्नाच्या जावयाकडे, डॅरेलकडे दिलं. रेनोतल्या व्यापाऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, हे तर सॅन फ्रान्सिस्कोचं.

"बुधवारी ती शेरीफकडे जाणार," बीमर म्हणाला. "माझ्याकडे दुसरं काही नाही हो. नाव आहे तेवढंच."

हेझलने दाखल्याची प्रत वाचली. त्यात 'कडेवर डाख दिल्याची खूण, शेजारी कानशीच्या तीन खाचा' असंही लिहिलं होतं. खिळ्याला बीमरचं भिंग टांगलेलं होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं, बोट धुळीने माखलं. ते तिने कोटाला पुसलं आणि निघाली.

व्हर्नाने दोघांना कॉफी दिली, भोपळ्याची गोड पाईही कापली, पण तोंड फुगलेलंच होतं. ऑरिनच्या आजोबांनी ते नाणं घड्याळाच्या साखळीला डाख देऊन जोडलं होतं, ती खूण तेव्हाची. आजोबा टाकसाळीत भट्टीवर होते. मग नाणं दुसरीकडचं कसं असेल, असं तिचं म्हणणं.

"ते अक्षर तुम्ही कधी पाहिलंत?" हेझलने विचारलं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" व्हर्ना म्हणाली. "या गावात ज्याच्या कपाटात जुनं नाणं आहे ते इथल्याच टाकसाळीतलं. लहान पोरालाही ठाऊक आहे."

रेनोहून परत आलेलं नाणं तिने टेबलावर ठेवलं. हेझलने डोळे मिटून कडेवरून नख फिरवलं. मग खिडकीशी नेऊन पाहिलं आणि परत दिलं.

डॅरेल टायरच्या दुकानात सापडला. त्याला जुगाराचा नाद होता हे सगळ्या गावाला ठाऊक, त्यामुळे लाइलने त्याला मनातल्या मनात तुरुंगात टाकलंही होतं. डॅरेल म्हणाला, पाकीट बंद होतं, मी फोडलं नाही, व्यापाऱ्याने माझ्यासमोर फोडलं. सासू आधीच मला माणसात धरत नाही, आता तुम्ही चोर तरी ठरवू नका.

"हाच तो," गाडीत बसताच लाइल म्हणाला.

"भावजी, तुम्ही गाडी चालवा," हेझल म्हणाली. तिला फार दमल्यासारखं झालं होतं.

मंगळवारी सकाळी तिने व्हर्ना आणि डॅरेल दोघांना बीमरच्या दुकानात बोलावलं.

"नाणं कोणीच बदललेलं नाही," ती म्हणाली. "बीमरकडे आलं तेव्हा कडेवर डाख आणि तीन खाचा होत्या. आजही आहेत, आणि खाचांच्या तळाशी शंभर वर्षांचा काळा मळ आहे. असा मळ चार दिवसांत धरत नाही. म्हणजे नाणं तेच. चुकला तो दाखला."

लाइलने कपाळाला आठ्या घातल्या. चाळीस वर्षांचा पारखी अक्षर कसं चुकेल?

"वाचलं असतं तर चुकला नसता," हेझल म्हणाली. "कड त्याला नखाने कळते, वजन तराजूने. साल आणि गाव त्याने ऑरिनच्या बोलण्यावरून लिहिलं. भिंगावर धूळ साचलीय. आणि काल तुम्ही त्याच्यापासून दोन हातांवर उभे होतात, भावजी, तरी त्याने मला विचारलं, एकट्याच आलात?"

तिने नाणं आणि भिंग बीमरच्या हातात दिलं. डॅरेल चोर आहे असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. आताही तेच रेटलं असतं तर त्याचं नाव वाचलं असतं, निदान बुधवारपर्यंत.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. डॅरेल, मी तुझ्यावर संशय घेतला, मला माफ कर. व्हर्ना, मी चोर नाही. पण आता पारखीही नाही."

डॅरेलने मान डोलावली. लाइल टोपी फिरवत राहिला. व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी आवाज रागाचाच होता.

"अरे मूर्खा, मला सांगितलं असतंस तर मी वाचून दिलं नसतं का?"

तिने त्याच्या हातातून भिंग घेतलं, स्कार्फच्या टोकाने पुसलं आणि खिडकीशी गेली. ऑरिनचं नाणं तिने चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"एस," ती म्हणाली. "सॅन फ्रान्सिस्को. लिही."

बीमरने टाइपरायटर जवळ ओढला.