किंमत खोडलेलं पार्सल

दारात आलेल्याने आधी बसावं, पाणी घ्यावं, मग कामाचं काढावं. हा जकात्या उंबऱ्यातच उभा राहिला आणि पाइप फुटल्यासारखा बोलत सुटला. जकात्या हे मी ठेवलेलं नाव. तो सीमाशुल्क खात्याचा यंत्रमानव (सीमाशुल्क म्हणजे परदेशातला माल देशात घेताना भरायचा कर). माझं पार्सल छातीशी धरून उभा, मला काही देईना.

त्यात काय होतं, ते सांगते. माझी नात शलाका दहा वर्षांची. तिचे आईवडील दोन वर्षांसाठी दक्षिण ध्रुवावरच्या तळावर बर्फाचा अभ्यास करायला गेलेत. सावंतवाडीच्या ह्या घरात आम्ही दोघीच. मी लाकडाचे भोवरे कातते, त्यांना लाखेचा रंग चढवते. ती शाळेतून येते, जेवते आणि गप्प बसते. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता आणि चार वाजता आईचा फोन यायचा होता. म्हणून मी परदेशातल्या दुकानातून त्रिमिती दिवा मागवला (त्रिमिती म्हणजे लांबी, उंची आणि जाडी असलेलं). त्याच्या उजेडात फोनवरचं माणूस खोलीत उभं असल्यासारखं दिसतं.

आता भेटवस्तूवर किंमत ठेवायची आपल्यात रीत नाही. मी दुकानदाराला बजावून लिहिलं होतं, किंमत खोडा, बिल घालू नका. मेल्याने तंतोतंत ऐकलं.

जकात्या म्हणे, तीच तर अडचण. किंमत कळल्याशिवाय कर काढता येत नाही आणि कर भरल्याशिवाय पार्सल सोडता येत नाही. किंमत सांगा, नाहीतर माल परत जाईल. साडेतीन वाजले होते.

पोरीसमोर तिच्याच भेटीची किंमत बोलू? मी सरळ नाही म्हटलं.

शलाका मात्र त्याच्यापुढे जाऊन बसली. किती दिवसांनी ती आपणहून कोणाशी बोलत होती. आजीने पैसे दिलेत, मग वर कर कशाला, तिने विचारलं.

जकात्याने दाराशेजारच्या खिडकीतला माझा भोवरा उचलला. असेच भोवरे बाहेरच्या कारखान्यांतून ढिगाने, स्वस्तात आले, तर आजीचे कोण घेईल? देशाच्या वेशीवर कर बसला, की बाहेरचा माल तेवढा महाग होतो आणि इथल्या कारागिराला टिकाव धरता येतो. शिवाय त्या पैशांतून रस्ते होतात, दवाखाने चालतात.

"पण असा दिवा इथे कोणीच करत नाही," शलाका म्हणाली.

"आज करत नाही. पुढे तू केलास तर?"

पोरगी हसली. मग त्याने शंभराच्या हिशेबाने समजावलं. वस्तू, ती इथवर आणायचं भाडं आणि विमा मिळून शंभर रुपये धर. ह्या दिव्यावर सीमाशुल्क दहा टक्के (शंभराला दहा), म्हणजे झाले एकशे दहा. आता इथल्या दुकानातल्या मालावर जो कर असतो, तो ह्यावरही हवा, नाहीतर इथल्या दुकानदारावर अन्याय. तो वीस टक्के, पण शंभरावर नाही, एकशे दहावर, कारण वेशीच्या आत येताना वस्तू तेवढ्याची झालेली असते. म्हणजे बावीस. दहा आणि बावीस, कर झाला बत्तीस.

घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी मी पदराचा आडोसा केला आणि फोनवरची पावती त्याच्या डोळ्याला लावली.

"तीन हजार दोनशे रुपये भरा," तो खणखणीत आवाजात म्हणाला.

मी भरले. पार्सल हातात आलं. पण शलाकाची बोटं हलायला लागली होती. शंभराला बत्तीस, तर तीन हजार दोनशे कितीला?

"आजी, दहा हजारांचा?" ती हळूच म्हणाली. "किती भोवरे झाले ते?"

मी दिव्याचं वेष्टण फाडत राहिले.

चार वाजता दिव्याच्या उजेडात माझी सून खोलीच्या मधोमध उभी राहिली, टोपीवर बर्फाचे कण घेऊन. शलाकाने हात पुढे केला. तो हवेतून आरपार गेला. तरी ती तिथेच चिकटून उभी राहिली, आणि पुढे तासभर बोलत होती. मध्ये माझं काही काम नव्हतं. मी दारापाशी आले, तर जकात्या कराची पावती ठेवून निघण्याच्या तयारीत.

त्याला म्हटलं, "हिशेब तुझा चोख आहे, पण माणसांत कसं बोलावं ते तुला कोणी शिकवलेलं नाही. शिकायचं असेल तर येत जा. पार्सल नसलं तरी चालेल. दुपारी इथे माझ्याशिवाय कोणी नसतं."