टिपरूची खरी बॅटरी किती?

“चौऱ्याहत्तर,” टिपरू म्हणाला आणि निहिराने त्याला छातीशी घट्ट धरलं.

टिपरू म्हणजे तिचा बोलका फोन. निहिराला अक्षरं अंधुक दिसायची, म्हणून शाळेची सगळी पुस्तकं तोच वाचून दाखवायचा, वर भांडायचाही. बॅटरीचं आरोग्य पंचाहत्तर टक्क्यांखाली गेलं की फोन मोडीत, असा त्या काळचा नियम. आई उद्याच त्याला देऊन टाकणार होती.

“आत्या, मी त्याला कधी ऐंशीच्या वर चार्जच केलं नाही! तूच सांगितलं होतंस ना?”

श्रुतीआत्या बॅटऱ्यांवर संशोधन करायची. “बरोबरच केलंस. चार्जिंग होताना लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) एका बाजूला जाऊन बसतात. ती बाजू ठासून भरली की आतल्या रसायनांवर ताण येतो, बॅटरी लवकर झिजते. ऐंशीवर थांबलं की ताण कमी.”

“मग हा झिजला कसा?”

“झिजला असं त्याच्यातला बॅटरी मोजणारा मापक म्हणतोय! क्षमता (पूर्ण भरल्यावर मावणारी वीज) कुणी आत डोकावून मोजत नाही गं. गच्चीवरची बंद टाकी बघ. आत-बाहेर जाणारं पाणी मोजता येतं. पण टाकी कधी काठोकाठ भरली नाही, कधी रिकामी झाली नाही, तर ती केवढी हे कसं कळणार? नुसता अंदाज! वर्षभरात त्या अंदाजातल्या चुका साचल्यात.”

“म्हणजे आकडा वाढेल?”

“वाढेल, नाहीतर घटेलही. खोटं कशाला सांगू?”

“मला नाही मोजून घ्यायचं,” टिपरू पुटपुटला.

निहिराही घाबरली होती. तरी म्हणाली, “मोजूया. खरं काय ते कळू दे.”

रविवारच होता. टिपरूने वाचून वाचून बॅटरी पार संपवली. मग निहिराने ऐंशीची मर्यादा काढली, शंभरापर्यंत चार्ज केलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

“सत्त्याऐंशी!” टिपरू किंचाळलाच.

निहिराला रडू आवरेना. बॅटरी काही नवी झाली नव्हती, आकडा तेवढा खऱ्याच्या जवळ आला होता. आई म्हणाली, “राहू दे गं बाई त्याला.”

आत्याने मर्यादा पुन्हा ऐंशीवर ठेवली. “अधूनमधून एकदा पूर्ण भरत जा, म्हणजे मापक भरकटणार नाही.”

“पूर्ण न भरताही अगदी खरं सांगणारा मापक करता येईल?”

“आम्हाला अजून नाही जमलेला. तू कर की!”

“करीनच. पण त्यासाठी केवढं वाचावं लागेल!”

“मग बसलीयेस काय?” टिपरू म्हणाला. “ऐक. धडा पहिला...”