तीन दिवस नांगराला जुंपू नये

वच्छलाबाईंच्या नजरेतून सुटेल असा गुन्हा जगात अजून व्हायचा आहे. जळगाव जामोदच्या पोस्टात तीस वर्षं काढून त्या गावाच्या खासगी गुप्तहेर झाल्या होत्या. त्या सकाळी त्या चष्मा शोधत होत्या. तो कपाळावर होता.

दारात हकीम रहेमतुल्ला आले. ओठ पांढरे पडलेले. त्यांचं खोकल्याचं औषध घेऊन पंजाबराव रात्रीपासून दवाखान्यात तळमळत होता. औषध ग्रंथाबरहुकूम केलेलं, म्हणजे विष कुणीतरी वरून कालवलं, असं हकीमसाहेबांचं म्हणणं. कोणतं, ते कळेना, म्हणून डॉक्टर अडले होते.

"हिरव्या बाटलीतलं काय?" शेषरावांनी विचारलं. हे बाईंचे यजमान आणि मदतनीस.

"हाव," हकीमसाहेबांनी मान डोलावली.

"मी आत्ताच दोन चमचे घेतलं," शेषराव म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

बाईंनी औषधाच्या कृतीची चिठ्ठी मागितली. मध, ज्येष्ठमध, इंद्रावणाचं कडू फळ चार तोळे. तीन दिवस नांगराला जुंपू नये.

"इंद्रावण जरा जादा वाटलं मले," हकीमसाहेब म्हणाले. "पण आजोबांच्या ग्रीक ग्रंथापुढं मी कोण?" औषध देईपर्यंत मात्र त्यांच्याच कुलपात होतं; मग विष कालवणार कोण?

ग्रंथातली कृती मराठीत उतरवून चिठ्ठी लिहिणारे ग्रीकचे निवृत्त प्राध्यापक शंकरराव, तिघं त्यांच्या घरी जाताच, चिडलेच. भाषांतरात चूक नाही, ते शपथेवर म्हणाले. नजर अधू, म्हणून संगणकाच्या दुकानाचा अब्दुल गनी ग्रंथाची पानं स्कॅन करी, संगणक अक्षरं ओळखी आणि पडद्यावर मोठी करून दाखवी. पानांचे आकडे तेवढे गाळी.

"या ग्रीकांची तऱ्हाच न्यारी," ते कुरकुरले. "सूची आरंभीच!"

शेषरावांच्या पोटात पहिली कळ तिथंच आली. गनीच्या दुकानापर्यंत त्यांनी बाईंचा हात सोडला नाही. गनी उर्दू वर्तमानपत्र वाचत होता. ग्रंथाला आपल्याशिवाय कुणाचा हात लागला नाही, एक पान गाळलं नाही, असं तो घाबरून सांगत राहिला.

"वच्छला, माझ्या भावाले कळव," शेषराव पुटपुटले.

बाईंनी पडद्यावरची पानं ग्रंथाशी ताडून आकडे पाहिले, मग ग्रंथ मिटून गनीपुढं ठेवला. "गनीभाऊ, जसा स्कॅन केला तसा उघडा."

गनीनं उर्दू पुस्तक उघडावं तसा उजवीकडून उघडला. समोर शेवटचं पान आलं.

"कोणी विष कालवलं नाही," बाई म्हणाल्या. "हा ग्रंथ डावीकडून सुरू होते. गनीभाऊनं जन्मभराच्या सवयीनं दुसऱ्या टोकाकडून घेतला, म्हणून सूची आधी आली. आकडे गळलेले, सरांले कळावं कसं? खोकल्याचं औषध एकेचाळीस पानाच्या तळाशी सुरू होते. उरलेलं बेचाळीसवर. पण पडद्यावर त्याच्यामागून चाळीसावं पान आलं. त्याच्या माथ्यावर एकोणचाळीसवरच्या औषधाची शेपटी आहे."

"कोणत्या औषधाची?" हकीमसाहेबांनी विचारलं.

"माणसाले कोण नांगराला जुंपते, हकीमसाहेब? बैलाचं जुलाबाचं औषध आहे ते."

"मले वाटलं, पंजाबराव शेतकरी…"

बाईंनी दवाखान्यात फोन लावला. इंद्रावण, बैलाची मात्रा; शेषरावांचे दोन चमचेही सांगितले. डॉक्टर म्हणाले, आता इलाज करता येईल, पंजाबराव वाचेल. दोन चमचेवाल्यालाही लगेच घेऊन या, सलाईन लावू, त्याला धोका नाही.

बाई इतक्या वेळानं खुर्चीत बसल्या. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

शेषरावांनी पोट धरूनच मान वर केली.

"वच्छला, ग्रंथातलं तेवढं पाळ. तीन दिवस मले दळणाले धाडू नको."